बजाबाईंनी न म्हटलेलं वाक्य

"हे माझं न्हाय," बजाबाई म्हणाल्या.

म्हणजे त्या तसं म्हणाल्या असं कुंडलिककाकांनी मला सांगितलं. बजाबाईंची अर्धी जीभ आणि उजव्या गालाचा बराचसा भाग ऑपरेशनमध्ये गेलाय. त्या काय बोलतात ते पहिल्या फटक्यात फक्त त्यांच्या नवऱ्यालाच कळतं. आम्ही मोडनिंबला त्यांच्या अंगणात बाजेवर बसलो होतो, मांडीवर माझा लॅपटॉप होता आणि त्यावर बजाबाई स्वतःचीच फिल्म बघत होत्या. आमच्या तंबाखूविरोधी ट्रस्टचा नियम आहे, पेशंटनं बघून हो म्हटल्याशिवाय फिल्म कुणालाही दाखवायची नाही. मी तो नियम पाळते, पण खरं सांगायचं तर उरकून टाकायचं काम म्हणूनच पाळते. आजवर कुणी नाही म्हटलं नव्हतं.

"काय तुमचं नाही, मावशी?" मी विचारलं.

बजाबाईंनी बोटानं फिल्म मागे न्यायची खूण केली. मी नेली. पडद्यावर त्या चुलीपुढे बसलेल्या, आणि वरून त्यांच्यासाठी दिलेला आवाज: "डावीकडं, शेवटच्या दाढंमागं, तांदळाच्या कणीएवढं खरखरीत लागायचं. जीभ सारखी तितंच जायची. घरात कुणाला कळू नये म्हणून भाकरी ताकात भिजवून उजवीकडनं खायची मी."

बजाबाई जोरजोरात मान हलवायला लागल्या आणि पुन्हा काहीतरी म्हणाल्या.

"ती म्हणती, बाकी समदं बराबर हाय," कुंडलिककाका म्हणाले. "पर ते डाव्या दाढंचं तिचं न्हाय. तिचं उजवीकडं व्हतं की. दिसतंय न्हवं? आन् ताक तर तिला सोसतच न्हाय, लगीच सर्दी हुती. तुमी दुसऱ्या कुण्या बाईचं ह्यात घातलं का, ताई?"

मला आधी रागच आला. माझ्या नाकावर राग असतो, हे ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे. एकीचं दुसरीच्या तोंडी घालण्याइतकी मी गबाळी नाही. बजाबाईंची मुलाखत मीच घेतली होती, शब्दन् शब्द मीच टाइप केला होता. मी तो कागद उघडला आणि वरपासून खालपर्यंत वाचला. दाढ नव्हती, तांदळाची कणी नव्हती, ताक नव्हतं. मग मी फिल्मसाठी लिहिलेला मजकूर उघडला. त्यात एवढंच होतं, 'तोंडात एक फोड आला होता. मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं.'

ते वाक्य कुठल्याच कागदावर नव्हतं. ते फक्त आवाजात होतं, आणि आवाज माझ्या आईचा होता.

बजाबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांनी ही गोष्ट स्वतः भोगलेली, त्यामुळे त्यांना माझ्याआधी कळलं असावं. त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला आणि काहीतरी विचारलं.

"कोन हाय ती बाई, म्हणती," कुंडलिककाका म्हणाले. "तिला दवाखान्यात न्या, म्हणती. आजच न्या."

आवाजासाठी आईला मीच बसवलं होतं. बजाबाईंचं बोलणं प्रेक्षकांना कळणार नाही, म्हणून त्यांची गोष्ट दुसऱ्या बाईनं बोलायची असं ठरलं. नट्यांचे आवाज ऐकून माझं डोकं उठलं, सगळ्या जणी खेडवळ बोलायचं म्हणून नाकात बोलत होत्या. माझी आई, मालती वैरागकर, बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवून निवृत्त झालेली. त्यातली पहिली बारा वर्षं माढा तालुक्यात, बजाबाईंच्याच भागात गेली. तिला ती बोली येते, आणि तिचा आवाज असा की शेवटच्या बाकावरचं पोरही झोपू शकायचं नाही. आधी ती नको नको म्हणत होती. मी पिच्छाच पुरवला.

होटगी रोडच्या आमच्या घरातच रेकॉर्डिंग केलं. रस्त्याचा आवाज येऊ नये म्हणून खिडक्या-दारांना घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या चादरी लावल्या, पंखा बंद केला, आणि आईला स्टुलावर बसवून पुढे माइक ठेवला. कानाला हेडफोन लावून मी पलंगावर. बाबा जाऊन सात वर्षं झाली, घरात आम्ही दोघीच. आई मजकूर वाचत गेली. तंबाखूच्या मिश्रीबद्दलचं माझं वाक्य आलं तिथं ती थांबली. मी लिहिलं होतं, 'मिश्री ही अडाणीपणाची सवय आहे.'

"हा शब्द ठेवायलाच हवा का गं?" ती म्हणाली.

"आई, तू शुद्धलेखन बघ. मजकूर मी बघते," मी म्हणाले.

तिनं ते वाक्य वाचलं. मग फोडाचं वाक्य आलं, तेव्हा तिनं कागद मांडीवर उपडा ठेवला आणि माइककडे बघत ते डाव्या दाढेचं बोलली. मी उडालेच. आई आयत्या वेळी मनानं काहीतरी रचेल असं वाटलं नव्हतं, आणि रचलं ते इतकं खरं, की मी जागेवरून टाळी वाजवली. ते मी पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं. पुढचे बावीस दिवस ते वाक्य मी फिल्ममध्ये या चित्रावर, त्या चित्रावर ठेवून बघत होते. ऑफिसात सगळ्यांना ऐकवलं. अंगावर काटा येतो, असं सगळे म्हणाले. मला फार अभिमान वाटला.

मोडनिंबहून निघालो तेव्हा गाडी अनिमेष चालवत होता. तो आमचा कॅमेरावाला, स्वभावानं शांत.

"एवढं काय, ते वाक्य कापू की," तो म्हणाला. "दोन मिनिटांचं काम आहे."

"गप्प बस," मी म्हणाले.

मी हेडफोन लावून ते वाक्य ऐकत होते. आता त्यात मला काय काय ऐकू यायला लागलं. 'खरखरीत'मधला र तिला नीट म्हणता येत नव्हता, जीभ अडत होती. घरी मला वाटलं होतं की ती बजाबाईंची नक्कल करतेय. मग इतर गोष्टी आठवायला लागल्या, आणि एकदा सुरू झाल्या त्या थांबेनात. दिवाळीपासून आईनं शेंगाचटणी सोडली होती, पित्त होतं म्हणून. कडक भाकरी मोडून खाणारी माझी आई आता ती ताकात लगदा होईपर्यंत भिजवायची. दाढ हलतेय म्हणाली होती. मी म्हणाले होते, दाताच्या डॉक्टरकडे जा, आणि परत फोनमध्ये डोकं घातलं होतं. मागच्या महिन्यात जांभई देताना तिनं मध्येच तोंड मिटून गाल धरला होता. तो प्रसंग माझ्या डोळ्यांपुढे इतका स्पष्ट आला की मी खिडकीची काच खाली केली.

आणि मंजन. न्हाणीघरातल्या फळीवर आईचा एक जुना पत्र्याचा डबा असतो. महिन्यातून एकदा, मी घरात नसताना, ती तव्यावर काहीतरी भाजते, आणि संध्याकाळी घरी आलं की स्वयंपाकघरात एक जळका उग्र वास असतो. आमच्या घरात त्याला मंजन म्हणतात. मी चार वर्षं तंबाखूवर फिल्म करतेय. गावोगावच्या बायकांच्या हातातली मिश्री मी वासावरून ओळखते. घरातली मला ओळखायची नव्हती.

मी फार घाबरले होते. आमच्या कामात एक समजूत आहे, लोकांना घाबरवलं की ते तपासायला येतात. म्हणून आम्ही पेशंट निवडताना ज्याचा चेहरा बघवत नाही तोच पुढे बसवतो. हे मीच ट्रेनिंगमध्ये शिकवते. आता ती भीती माझ्याच पोटात बसली होती, आणि मला तपासाबिपासाचं काही सुचत नव्हतं. वाटत होतं, गाडी सोलापूरला पोचूच नये.

घरी पोचले तेव्हा साडेचार वाजले होते. आई स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून बशीत चहा ओतत होती, परत कपात ओतत होती, परत बशीत. चहा गार करत होती. आईला चहा उकळता लागायचा. बाबा तिला चिडवायचे, हिची जीभ बिडाची आहे म्हणून.

"आलीस? हो म्हणाल्या का बजाबाई?" तिनं विचारलं.

मी फोन काढला आणि ते वाक्य लावलं. छोट्या स्वयंपाकघरात आईचा आवाज भरून राहिला. डावीकडं, शेवटच्या दाढंमागं. आई बशी हातात धरून ऐकत होती. संपल्यावर तिनं बशी खाली ठेवली.

"हे बजाबाईंचं नाही म्हणे," मी म्हणाले.

"माहीत आहे मला."

"मग कुणाचं आहे?"

मला उत्तर माहीत होतं. तरी मी विचारलं, कारण तिनं कुणा ओळखीच्या बाईचं नाव घ्यावं, काहीही खोटं सांगावं, असं मला मनापासून वाटत होतं.

आई माझ्याकडे बघत राहिली. शाळेत गृहपाठ न आणलेल्या पोराकडे बघावं तसं नाही, जरा दमून.

"तुला सांगितलं की मी," ती म्हणाली. "त्या दिवशी. तीनदा सांगितलं."

"आई..."

"घरात तोंड उघडत नव्हतं माझं. म्हटलं, हिच्या कानाला यंत्र लावलेलं आहे, दारं बंद आहेत, आत्ता तरी ऐकेल. पहिल्यांदा सांगितलं तर तू टाळी वाजवलीस. दुसऱ्यांदा म्हणालीस, जरा हळू घे. तिसऱ्यांदा म्हणालीस, शेवटी थोडं रडू येऊ दे, आई. मग मी पुढचा कागद घेतला."

मी खुर्चीवर बसले. तिचं सगळं खरं होतं. ती तिन्ही रेकॉर्डिंग माझ्याकडे आहेत, त्यात मागे माझा आवाज आहे. छान, आणखी एकदा घेऊ. मला तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

"बजाबाईंच्या नावानं बोललीस तर मला कसं कळणार?" मी विनाकारण ओरडले. "सरळ सांगायचं ना! उर्वी, माझ्या तोंडात दुखतंय, एवढं म्हणायला काय झालं होतं?"

"काय म्हणून सांगू?" आता तिचाही आवाज चढला. "बत्तीस वर्षं पोरांच्या खिशातल्या पुड्या काढून घेतल्या मी. छड्या मारल्यात. आणि स्वतः घरी येऊन न्हाणीत बसून मिश्री लावते म्हणून सांगू? तू पोटात होतीस तेव्हा दाढ इतकी ठणकायची की भिंतीला डोकं लावायची वेळ यायची. औषध घ्यायचं नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. शाळेतल्या मुक्ताबाईंनी एक चिमूट दिली, रात्रीची झोप लागली. मग सुटली नाही ती. तुझ्या बाबांनाही नीट माहीत नव्हतं. आणि तू लिहिलंस अडाणीपणा. मलाच वाचायला लावलंस."

"आणि तो फोटो," आई हळू म्हणाली. "आधी दाखवला होतास मला, बजाबाईंचा. वाचताना भावना यावी म्हणून. त्या दिवसापासून रोज आरशात बघते. असं होणार असेल तर न कळलेलंच बरं, असं वाटायचं. दुसऱ्या दिवशी वाटायचं, सांगावं. बजाबाईंच्या नावानं सांगितलं म्हणजे माझं नाव नको, आणि तुला कळेलही."

तिला भीती घालणारी फिल्म मीच केली होती. बाहेरच्या बायका त्या फिल्मनं दवाखान्यात येतील म्हणून मी वाट बघत होते, आणि माझी आई त्याच फोटोमुळे आणखीच गप्प झाली होती. किती बायका अशा गप्प बसल्या असतील, हा विचार आला आणि मी तो ढकलून दिला. त्या वेळी मला एकाच बाईची काळजी होती.

"तीन बोटं," मी म्हणाले.

फिल्मच्या शेवटी हेच आहे. तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात घालायची. मावली तर ठीक. नाही मावली तर उशीर न करता डॉक्टरांकडे जायचं. आईनं ते वाक्य खणखणीत वाचलं होतं, हात मांडीवर ठेवून.

"उद्या बघू," आई म्हणाली.

"आई, आत्ता."

ती खिडकीपाशी आली. पदराला हात पुसले, उजवा हात वर केला आणि तीन बोटं ओठांशी नेली. डोळे मिटले. दोन बोटं गेली. तिसरं दातावर अडलं. तिनं जोर लावला, डोळ्यांत पाणी आलं, तरी ते जाईना. मी तिचा हात खाली घेतला आणि मोबाइलचा दिवा लावून आत बघितलं. शेवटच्या दाढेमागं पांढरा चट्टा होता, आणि त्याच्या मधोमध लाल. तांदळाच्या कणीएवढा आता राहिला नव्हता. असे चट्टे मी पडद्यावर मोठे करून शेकडो लोकांना दाखवलेत, हातात काठी घेऊन. आता दिवा एका जागी राहीना.

"दिसलं?" आईनं विचारलं.

"हो."

"मग हात का कापतोय तुझा?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण तरुण होती, मला कामामुळे ओळखणारी. आधी हसून बोलली, चट्टा बघितल्यावर हसायची थांबली. हातमोजा घालून तिनं तो दाबून बघितला, मग आईचा गळा दोन्ही बाजूंनी चाचपला. डाव्या बाजूला तिची बोटं जरा जास्त वेळ राहिली. मी ते मोजलं नाही, पण पाहिलं.

"कधीपासून आहे?" तिनं विचारलं.

"पाच महिने," आई म्हणाली.

"घरात कुणालाच सांगितलं नाही, काकू?"

आईनं माझ्याकडे एकदा बघितलं.

"नाही," ती म्हणाली. "सांगितलं नाही."

मी तोंड उघडलं, पण आईनं टेबलाखाली माझा हात दाबला. डॉक्टर म्हणाली, परवा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवू, रिपोर्टला आठ दिवस लागतील. "सुरुवातीचंच असेल ना?" मी विचारलं. पेशंटची माणसं हा प्रश्न विचारतात तेव्हा मला त्यांचा कंटाळा यायचा. "रिपोर्ट येऊ दे, मग बोलू," ती म्हणाली, आणि कागदावर लिहायला लागली. त्या वाक्याला काय अर्थ असतो ते मला माहीत आहे. प्रत्येक फिल्ममध्ये ते एकदा तरी असतं.

तुकडा काढायच्या दिवशी सकाळी मी आवरत होते, तेव्हा आई आतून म्हणाली, "तुझा तो माइक कुठाय?"

"कशाला?"

"चादरी लाव. अकराला निघायचंय, वेळ आहे."

"आई, आज नको. ते वाक्य मी काढून टाकते फिल्ममधून. तो अडाणीपणाचा शब्दही काढते."

"काढच. बजाबाईंचं त्यांना परत दे," ती म्हणाली. "माझं मी वेगळं सांगते, माझ्या नावानं. आज घे. पुढच्या आठवड्यात जीभ कशी वळेल कुणी सांगावं."

हे तिनं भाजीला काय आणायचं ते सांगावं तसं सांगितलं. मी चादरी लावल्या. पंखा बंद केला. ती स्टुलावर बसली, इस्त्रीचं पातळ, नीट विंचरलेले केस, शाळेत निघाल्यासारखी. हातात कागद नव्हता. मी हेडफोन लावले आणि बटण दाबलं.

"माझं नाव मालती मुकुंद वैरागकर," ती म्हणाली. "मी शिक्षिका होते. चौतीस वर्षं मिश्री लावत होते. घरात आम्ही तिला मंजन म्हणायचो. डावीकडं, शेवटच्या दाढेमागं..."

'खरखरीत'पाशी जीभ अडली. ती थांबली, पुन्हा म्हणाली, पुन्हा अडली, आणि तशीच पुढे गेली. तिचा श्वास मला कानात ऐकू येत होता. ती घाबरली होती. इतके दिवस मी हा श्वास आवाज साफ करताना पुसून टाकला होता. शेवटी ती म्हणाली, "मला अजून कळलेलं नाही की हे काय आहे. मला भीती वाटते. म्हणून मी आज जाणार आहे."

ती गप्प झाली. बाहेर रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवला, तो रेकॉर्डिंगमध्ये आला. मी बटण बंद केलं नाही.

आईनं सवयीनं माझ्याकडे बघितलं.

"परत एकदा घ्यायचं?" तिनं विचारलं.

मी कानावरचे हेडफोन काढले.

"नको, आई," मी म्हणाले. "ऐकलं मी."